परदेशातून भेटवस्तू आणायच्यात? यादी निघण्याआधी करा

परतीच्या विमानाला दोन तास उरलेले असतात, कुणासाठीच काही घेतलेलं नसतं आणि मग विमानतळावरच्या दुकानातून एकसारख्या दहा की-चेन उचलल्या जातात. मीही हे केलंय. त्यातली कोणती कुणाला दिली हे मलाच आठवत नाही, तर घेणाऱ्याला काय आठवणार!

म्हणून पहिलं काम निघण्याआधीचं. ज्यांना मनापासून काही द्यायचंय त्यांचीच नावं लिहा. नावापुढे वस्तू लिहू नका, त्या माणसाची एखादी सवय लिहा: ‘रोज डायरी लिहिते’, ‘चष्मा कुठेही विसरतो’, ‘कुंड्यांशी बोलते’. परक्या बाजारात शेकडो वस्तू समोर येतात तेव्हा हीच यादी उपयोगी पडते. भडक लाल चामड्याचं चष्म्याचं घर दिसलं की ते कुणाचं, हे विचारावं लागत नाही. कुणाला पादत्राणं घ्यायची असतील तर कागदावर पाऊल ठेवायला सांगून पेन्सिलीने कड काढून घ्या. बुटांचे नंबर देशागणिक बदलतात, कागदावरचं पाऊल बदलत नाही.

पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसतं बघा. रांगेतल्या प्रत्येक दुकानात तोच माल दिसला तर तो बहुधा तिथला नसतोच. वस्तू उलटी करून कुठे बनली ते वाचा. व्हेनिसच्या काचकारांच्या भट्ट्या १२९१ साली मुरानो बेटावर हलवल्या गेल्या आणि तिथे आजही काच घडते, पण व्हेनिसमध्ये विकली जाणारी सगळी काच मुरानोची नसते. त्यासाठी ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे अधिकृत चिन्ह शोधावं लागतं. कारागीर समोर बसून काम करत असेल तर थोडं थांबा, एक नग करायला किती वेळ लागतो ते विचारा. माझी स्वतःची आवड विचाराल तर स्टेशनरीची दुकानं: तिथले लोक रोज वापरतात त्या वह्या, पेन्सिली, कागद. हलकं सामान, फुटायची भीती नाही.

पैसे देण्याआधी जरा कायद्याचं बघा. हस्तिदंत, कासवाची पाठ, प्रवाळ यांच्यापासून केलेल्या वस्तूंना हात लावू नका. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा ‘साइटीस’ करार १९७५ पासून लागू आहे, आणि दुकानदाराचं “सगळे नेतात” हे सीमाशुल्क खात्यात चालत नाही. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावरून बाटलीभर वाळू उचलली तरी दंड होतो. जुन्या, पुरातन वस्तूंना बऱ्याच देशांत निर्यात परवाना लागतो. विजेवर चालणारं काही घेत असाल तर व्होल्टेज वाचा: जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०, युरोपात २३०.

सामान भरताना एक चूक मी केली. आत बर्फ भुरभुरणारा काचेचा गोळा हातातल्या बॅगेत ठेवला. आत पाणी असतं हे ध्यानातच आलं नव्हतं! बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरच्या वरचा द्रव चालत नाही, त्यामुळे गोळा तपासणीच्या टेबलावरच राहिला. असं काही घेतलंच तर मोज्यात घालून, कपड्यांच्या मधोमध, मोठ्या बॅगेत ठेवा. पॉवर बँकेचं उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी. परदेशात खरेदीवर भरलेला कर परत मिळणार असेल तर वस्तू मोठ्या बॅगेत टाकून ती देऊन मोकळं होण्याआधी चौकशी करा, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतात. बिलं जपून ठेवा, घरी उतरल्यावरही कुणी विचारू शकतं.

खरेदी केली त्याच रात्री, आठवण ताजी असताना, चिठ्ठीवर दोन ओळी लिहून वस्तूसोबत ठेवा: कुठल्या गल्लीत मिळाली, विकणारी काय म्हणाली. किमतीचं लेबल तिथेच काढा. ते निघत नसेल आणि वस्तू काचेची किंवा चिनीमातीची असेल, तर हॉटेलातल्या हेअर ड्रायरची गरम हवा थोडा वेळ मारा, गोंद सुटतो.