डीएनएस रेकॉर्डवरील देखरेख : नवख्यांसाठी काही अनुभव

डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचा पत्ता व इतर नोंदी (रेकॉर्ड) सांगणारी यंत्रणा. तिच्यावर देखरेख ठेवण्याच्या कामात नव्याने येणारे सहकारी बहुधा एवढेच तपासतात की, डोमेनला उत्तर मिळते की नाही. ते उत्तर बरोबर आहे का, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न असून देखरेख उभारताना खरे श्रम त्याच्यावर घ्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या एका ग्राहकाने संकेतस्थळाचे काम नव्या कंपनीकडे सोपवले. त्या कंपनीने नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांगणारे सर्व्हर) बदलले, नव्या झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या संचात) ए रेकॉर्ड (संकेतस्थळाचा आयपी पत्ता) घातला, पण एमएक्स रेकॉर्ड (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा, हे सांगणाऱ्या नोंदी) राहून गेले. संकेतस्थळ नीट उघडत असल्याने कोणाला शंका आली नाही. एमएक्स नसेल, तर पाठवणारा मेल सर्व्हर थेट ए रेकॉर्डच्या पत्त्यावर जातो. तिथे मेल स्वीकारणारी सेवाच नसल्यास हा पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि अंतिम नकार पाठवणाऱ्याला कळायला चार-पाच दिवसही लागू शकतात. शिवाय डॉट कॉमच्या सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदींचा टीटीएल (नोंद किती वेळ साठवून वापरावी, ती मुदत) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. त्यामुळे ज्या रिझॉल्व्हरच्या (इतरांच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) जुनी नोंद शिल्लक होती, त्यांच्यामार्फत पाठवलेले मेल पोहोचतच होते. काही मेल येतात आणि काही येत नाहीत, अशा तक्रारीवरून मूळ कारणापर्यंत पोहोचणे फार कठीण जाते.

म्हणून तपासणी कॅशेवर विसंबून करू नये. डोमेनच्या वरच्या झोनला (उदा. डॉट कॉमला) नेमसर्व्हर विचारावेत, मग त्या प्रत्येक नेमसर्व्हरला थेट एनएस (नेमसर्व्हरची नावे), एमएक्स, ए आणि टीएक्सटी (मजकुराच्या नोंदी) रेकॉर्ड विचारून ते मंजूर यादीशी ताडून पाहावेत. उत्तरांचा क्रम दर वेळी बदलू शकतो, तेव्हा तुलनेपूर्वी ती क्रमवार लावावीत, अन्यथा खोट्या अलर्टचा पाऊस पडेल. सीडीएनचे (अनेक ठिकाणच्या सर्व्हरवरून संकेतस्थळ पुरवणाऱ्या जाळ्याचे) पत्ते तर मुळातच बदलते असतात. तिथे नेमका पत्ता न पाहता तो अपेक्षित नेटवर्कमधला आहे का, एवढेच पाहावे. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ यांसारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरची तपासणी वेगळी ठेवावी, कारण वापरकर्त्याला काय दिसते ते तिच्यातून कळते.

बिघाडाचा प्रकारही नोंदवावा. एनएक्सडोमेन (असे नावच नाही), सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देता आले नाही) आणि टाइमआउट (वेळेत उत्तरच नाही) यांची कारणे वेगवेगळी असतात, आणि चौथा प्रकार सहज नजरेतून सुटतो : त्रुटी नाही, पण उत्तर रिकामे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅमेझॉनच्या डायनामोडीबी या डेटाबेस सेवेचा व्हर्जिनियातील पत्ता असाच रिकामा झाला आणि तिच्यावर विसंबलेल्या असंख्य सेवा ठप्प झाल्या.

अलर्ट पाठवणारी यंत्रणा मात्र ज्याच्यावर देखरेख ठेवायची, त्याच डोमेनवर ठेवू नये. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे नेमसर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले, तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची अंतर्गत साधनेही बंद पडली होती आणि सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले.