पहिली लाइव्ह पोकर टूर्नामेंट खेळायला गोव्याला चाललाय? गाडीतल्या रमीच्या सवयी दादरलाच सोडा, या चुका टाळा

आपण मुंबईकर पत्ते शिकतो कुठे, तर गाडीत चौघांच्या मांडीवर बॅग आडवी टाकून, नाहीतर दिवाळीत मामाकडे तीन पत्तीला. तिथे सगळं चालतं. शेजारच्याची पानं वाकून बघा, मागे उभा असलेला ओरडणार "अरे टाक ना राजा", पॅक केलं की पानं भिरकावून द्या. त्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली, मग आमच्या ग्रुपमधले फोनवर पोकर खेळणारे दोघंतिघं थेट पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर निघाले, आणि त्यांची पंचाईत अजून वेगळी. अ‍ॅप तुम्हाला चूक करूच देत नव्हतं ना! टर्न आल्याशिवाय बटणच उमटायचं नाही. टेबलावर बटण नाही, तुमचं तोंड आणि हात हेच बटण, आणि दाबलं की दाबलं.

सगळ्यात जास्त मार खातात ते चिप्स टाकताना. माझंच सांगतो. ब्लाइंड्स, म्हणजे पानं वाटण्याआधीच दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, 500-1000, माझ्याकडे दोन राजे, पहिल्याच तासात असली पानं बघून हात जरा थरथरत होता, मी काही न बोलता 5000 ची एक चिप पुढे सरकवली. मनात रेज, म्हणजे बेट वाढवायची. डीलर म्हणाला "कॉल" (आधीची बेट तेवढीच भरली) आणि 4000 परत माझ्यासमोर आणून ठेवले. एकच मोठी चिप गप्प बसून टाकली की तो कॉलच धरतात, मग मागाहून कितीही "नाही नाही, मला रेज करायचं होतं" म्हणा. मागचे तिघं स्वस्तात आत आले, फ्लॉपवर, म्हणजे मध्ये उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांत, एक्का पडला आणि माझ्या राजांचं जे व्हायचं ते झालं. म्हणून आधी तोंडाने "रेज" म्हणायचं, आकडा म्हणायचा, मग चिप्सला हात लावायचा. तोंडातून आधी निघालेला शब्द पक्का धरतात. "कॉल... आणि वर पाच हजार" हे सिनेमात, इथे पहिल्या शब्दावरच गाडी थांबते, आणि तसंच चिप्स दोनदोन हप्त्यांत पुढे नेल्या तरी पहिला हप्ताच धरतात. अजून एक खाचखळगा, एकापेक्षा जास्त चिप्स न बोलता टाकल्या तर किमान रेजच्या निम्म्याचा हिशोब लागतो: कॉलच्या वर निम्मं किंवा जास्त गेलं तर रेज, कमी असलं तर कॉल. म्हणजे याच ब्लाइंड्सना 1000 आणि 500 अशा दोन चिप्स टाकल्या तर 2000 पूर्ण करायला लावतील, 1400 टाकले असते तर कॉल.

आणि हो, तीन पत्तीच्या बूटसारख्या चिप्स मधल्या ढिगात, म्हणजे पॉटमध्ये, फेकू नका, आपल्यासमोर ठेवा, नाहीतर डीलरला कळणार कसं किती टाकल्या.

दुसरी चूक पानं दाखवायची, आणि तीही उलटीकडून, म्हणजे जिंकलेला हात (आपली पानं) आपणच फेकून देणं. डोंबिवलीचा आमचा एक मित्र, बोर्डवर, म्हणजे मधल्या सामाईक पानांत, इस्पिकची तीन पानं, हातात दोन इस्पिक, म्हणजे छोटा का होईना पण फ्लश (पाचही पानं इस्पिकचीच) झालेला. समोरच्याने पानं न उघडताच जोरात "फ्लश" म्हटलं, हा वैतागला, आपली पानं उलटीच डीलरकडे ढकलली, डीलरने ती टाकलेल्या पानांत सरकवली. मग समोरच्याने उघडलं तर एक इस्पिक, एक किलवर! त्या बिचाऱ्याने खोटं नव्हतं बोललेलं, घाईत नीट बघितलं नव्हतं. पण याची पानं मेली, म्हणजे बाद, पॉट त्याला. तोंडी काय बोललं ते नाही, टेबलावर सरळ उघडलेली दोन्ही पानं बोलतात, तेव्हा समोरच्याची दोन्ही पानं डोळ्यांनी दिसेपर्यंत आपली सोडायची नाहीत. आपली सरळ करून ठेवली तर डीलरच वाचून देतो. उलट बाजूने, जिंकलोय हे माहीत असून मुद्दाम ताटकळवत पानं उघडणं, याला स्लो-रोल म्हणतात आणि पुढचे दोन तास टेबलावर तुमच्याशी कोणी धड बोलत नाही.

डीलरच्या अगदी शेजारची सीट मिळाली तर पानांवर काहीतरी ठेवा, नाहीतर गोळा करताना तुमचीही जातात. मी आजीच्या डब्यातली सुपारी ठेवतो, लोक हसतात, हसू देत.

मग येतं बोलणं. हात, म्हणजे डाव, चालू असताना, तुम्ही फोल्ड (आपलं पॅक) केलेलं असलं तरी, "माझा एक्का गेला यार" हे चालत नाही. शेजारी मित्र बसला असेल तर मराठीत कुजबुज तर अजिबात नको, तुम्ही वडापावबद्दल बोलत असाल पण टेबलाला वाटणार दोघं मिळून खेळतायत. एक हात, एक खेळाडू. यावर वॉर्निंग मिळते, मग काही हात किंवा अख्खा राउंड बाहेर बसवतात, फारच झालं तर टूर्नामेंटमधूनच काढतात. फोन आपल्या हाताच्या वेळी खाली. विचार करा हो, पण प्रत्येक वेळी पाच मिनिटं नाही, कोणी क्लॉक मागितलं, म्हणजे तुमची वेळ मोजायला सांगितली, तर बहुतेक ठिकाणी 25 सेकंद आणि वर 5 ची उलटी मोजणी, तेवढ्यात बोलला नाहीत तर समोर कोणाची बेट असताना हात मेला.

टेबल बदलायला सांगितलं तर चिप्स खिशात घालू नका, दिसतील अशा ट्रेमध्ये न्या, खिशात सापडल्या तर जप्त होऊ शकतात. बसल्यावर मोठ्या चिप्स पुढे ठेवा, लहानांच्या मागे लपवून नाही.

आणि एवढं करूनही राडा झालाच तर? डीलरशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात निकाल नसतो. जागेवरूनच मोठ्याने "फ्लोर" म्हणा, म्हणजे निकाल देणारा अधिकारी येतो, पण लगेच, कारण पुढच्या हातासाठी पत्ते पिसायला घेतले की आधीच्या हाताची तक्रार संपली. फ्लोरवाला आला की काय झालं तेवढंच सांगा, कोणी काय करायला हवं होतं ते नको. तो येईपर्यंत पॉटला, पानांना कोणालाही हात लावू देऊ नका, स्वतःही लावू नका. ब्रेकला त्याच्याशी तो नियम निवांत समजून घेता येतो, माझ्या 5000 च्या चिपचं मी तसंच विचारलं होतं, त्याने हसत विचारलं, "दादा, बोलायला काय झालं होतं?"