परसातल्या अंजिराचा मीठा बहार: पाऊस ओसरताना करायची कामं

घराशेजारच्या अंजिराला मार्च-एप्रिलमध्ये गोड फळ हवं असेल, तर त्याची तयारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकायची. झाड पानांनी डवरलेलं, पण फळं थोडी आणि तीही पाणचट, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. माझ्या मते खतापेक्षा विसाव्याचा अभाव याला जास्त जबाबदार असतो. आपण वर्षभर पाणी घालत राहतो आणि झाड नुसतं पानं काढत राहतं.

पुरंदर तालुक्यातल्या सासवड, राजेवाडी, दिवे, गुऱ्होळी या भागातले शेतकरी हे पिढ्यानपिढ्या ओळखून आहेत. तिथल्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंजिराचे बहार, म्हणजे फळ धरण्याचे हंगाम, दोन. पावसाळ्याच्या तोंडाशी धरतात तो खट्टा, आणि पाऊस सरताना धरतात तो मीठा. खट्ट्याला ढगाळ, दमट हवा सोसावी लागते, त्यामुळे फळात गोडी कमी भरते. बाजारभावाचं गणित पाहून शेतकरी तोही धरतात, पण घरी खायला फळ हवं असेल त्याने मीठाच धरावा. कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन यांतच अंजीर गोड होतं. कोकणात झाड जगतं, पण तिथल्या दमट हवेत असं फळ मिळणं अवघड.

आता ताणाबद्दल, म्हणजे पाणी तोडून झाडाला विसावा देण्याबद्दल. जमिनीतल्या झाडाचं पाणी तीन-चार आठवडे बंद ठेवा. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो. काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत वेळ लागतो. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा पानं पाहा. ती पिवळी पडून गळू लागली की ताण बसला. मध्येच पाऊस आला तर घाई न करता आणखी थांबा. गच्चीवरच्या पिंपातल्या झाडाला मात्र इतका कडक ताण देऊ नका, मुळं वाळतील. तिथे पाणी निम्म्याहून कमी करा आणि फांद्या सुरकुतणार नाहीत एवढीच ओल ठेवा. उरलेली पानं हाताने काढताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण पानं खरखरीत असतात आणि चीक अंगाला लागला की आग होते.

मग छाटणी. अंजीर नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत लागतं, त्यामुळे छाटायला घाबरू नका. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या जिथून फुटल्या तिथून काढा. गेल्या हंगामातल्या फुटी दोन-तीन डोळे (जिथून नवी फूट येते त्या जागा) राखून आखूड करा. मध्यभाग मोकळा राहिला पाहिजे. ऊन खोडापर्यंत पोहोचलं तर तांबेरा हा पानांवरचा बुरशीचा रोगही कमी येतो. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. छाटलेल्या काड्या टाकून देऊ नका. पेन्सिलीहून थोड्या जाड, वीतभराहून लांब, चार-सहा डोळ्यांच्या काड्या पिशवीत लावल्या तर नवी रोपं तयार होतात. सुक्या अंजिरातल्या बियांपासून मात्र झाड करू नका. ते कसं निघेल याचा भरवसा नसतो.

तांबेरा हा अंजिराचा मोठा शत्रू. पानाच्या खालच्या बाजूला तांबूस पूड दिसते आणि बघता बघता झाड उघडं पडतं. गळलेली रोगट पानं झाडाखाली कुजू न देता गोळा करून नष्ट करा. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. घरासाठी पाच लिटर पुरतं. 50 ग्रॅम मोरचूद आणि 50 ग्रॅम चुना प्लास्टिकच्या दोन बादल्यांत वेगवेगळे विरघळवा, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता, गाळा आणि त्याच दिवशी वापरा. स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. खोडाला भोक आणि खाली भुसा दिसला तर आत खोडकिड्याची अळी आहे. तारेने तिला टोचून मारा आणि भोक चिखलाने बंद करा.

छाटणीनंतर आळं हलकं चाळून चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली आणि किलोभर निंबोळी पेंड घाला. युरियाचा मारा करू नका, त्याने पुन्हा पानांचाच पसारा होतो. पहिलं पाणी हलकं, म्हणजे आंबवणीचं द्या. तीन-चार दिवसांनी दुसरं, म्हणजे चिंबवणीचं. त्यानंतर ठरावीक अंतराने. हे अंतर सांभाळणं महत्त्वाचं आहे. आळं कोरडं पडू देऊन एकदम भरपूर पाणी दिलं की वाढलेली फळं तडकतात. पालापाचोळ्याचं आच्छादन केलं तर ओल टिकून राहते.

उंबरात किडे असतात, मग अंजिरातही असतील का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. दोन्ही एकाच कुळातली झाडं खरी, पण आपल्याकडे लावतात ती पुना अंजीर ही जात परागीकरणाशिवायच फळ धरते, तिला आत शिरणाऱ्या कीटकाची गरज नसते. फळाच्या तोंडाशी भोक असतं, त्यामुळे जास्त पिकून झाडावर राहिलेल्या फळात बारीक किडे शिरू शकतात. म्हणून तोडणी वेळेवर करा.

फुटीपासून फळ पिकायला साधारण चार ते पाच महिने लागतात. फळं फुगू लागली की जाळी टाका किंवा फळांना सुती कापडाच्या पिशव्या बांधा. बुलबुल आणि वटवाघळं फळ पिकण्याची वाट पाहत नाहीत. पिकत आली की पाणी थोडं कमी करा, गोडी वाढते. रंग हिरव्याचा फिकट आणि तांबूस-जांभळट झाला, फळ मऊ पडलं आणि मान वाकली की सकाळच्या गारव्यात देठासकट तोडा. तोडताना देठातून पांढरा चीक भरभरून वाहिला तर फळ अजून कच्चं आहे. कच्चं तोडलेलं अंजीर घरात ठेवून मऊ होईल, पण गोड होणार नाही. पिकलेलं बाहेर एक-दोन दिवसच टिकतं, म्हणून फळं एकावर एक न रचता पसरून ठेवा आणि रोजची रोज खा.