वेबरिंगचे सॉफ्टवेअर कसे बांधावे

वेबरिंग म्हणजे एकाच आवडीच्या संकेतस्थळांची गोल साखळी. प्रत्येकाच्या पानावर ‘मागील’, ‘पुढील’ आणि ‘कोणतेही’ असे तीन दुवे असतात. ‘पुढील’ दाबत गेले की वाचक सगळ्यांकडे जाऊन निघाला तिथेच परत येतो. शेजाऱ्याचा पत्ता प्रत्येकाने हाताने लिहिला, तर एक संकेतस्थळ बंद पडताच साखळी तिथे तुटते. म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी प्रोग्रामर सेज वाइल यांनी यादी मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवली. तो पाया आजही बरोबर आहे. सदस्याला आपल्या पानावरचा तुकडा (या तीन दुव्यांचा कोड) पुन्हा कधी बदलावा लागू नये आणि रिंगचालकाच्या मागे रोजचे काम लागू नये, एवढे साधले पाहिजे.

पायरी १: यादी

शंभरेक सदस्यांपर्यंत डेटाबेस लागत नाही, एक जेसन फाइल (नोंदी ठेवण्याची साधी मजकूर-फाइल) पुरते. प्रत्येकासाठी ओळखनाव, संकेतस्थळाचे नाव, पत्ता, क्रम, स्थिती आणि शेवटच्या तपासणीची तारीख नोंदवा. ईमेल वेगळ्या, खाजगी फाइलमध्ये ठेवा, कारण यादी कधी ना कधी जाहीर करावी लागते. स्थिती चारच: प्रतीक्षेत, चालू, थांबवलेला, निघालेला.

पायरी २: पुढे-मागे नेणारे दुवे

दुव्यात सदस्याचे ओळखनाव असलेच पाहिजे. वाचक कुठून आला हे ब्राउझरच्या ‘रेफरर’वरून, म्हणजे आधीच्या पानाच्या पत्त्यावरून, ओळखायचा मोह होतो, पण आजचे ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळाला बहुधा फक्त डोमेन कळवतात. एकाच डोमेनवर दोन सदस्यांची पाने असली की गोंधळ झालाच.

सर्व्हरने ओळखनाव यादीत शोधावे आणि पुढच्या चालू सदस्याकडे ३०२ उत्तराने (‘तात्पुरते दुसरीकडे जा’ सांगणारा सर्व्हरचा संकेत) पाठवावे. ३०१ वापरू नका. त्याचा अर्थ ‘कायमचा बदल’ असा असल्याने ब्राउझर ते लक्षात ठेवतो, आणि मध्ये नवा सदस्य आला तरी जुन्याच शेजाऱ्याकडे नेत राहतो. सोबत कॅश-कंट्रोलमध्ये ‘नो-स्टोअर’ (उत्तर साठवून ठेवू नका) ही सूचना पाठवा.

‘मागील’ काढताना एक चूक हमखास होते. मोजणी शून्यापासून होते, म्हणून पहिल्या सदस्याच्या क्रमांकातून १ वजा केला की -१ येतो, आणि सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये त्याची बाकीही ऋणच राहते. म्हणून आधी त्यात सदस्यांची एकूण संख्या मिळवा, मग त्याच संख्येने भागून बाकी घ्या. ‘कोणतेही’ निवडताना वाचक ज्या पानावरून आला ते वगळा. आणि कुठे पाठवायचे तो पत्ता दुव्यातून कधीही घेऊ नका. घेतलात, तर तुमच्या डोमेनच्या आडून कोणीही लोकांना फसव्या पानावर नेईल.

पायरी ३: सदस्याचा तुकडा

तीन दुव्यांचे साधे एचटीएमएल द्या, स्क्रिप्ट नको. सदस्यांच्या पानांवर तुमची स्क्रिप्ट चालत असेल, तर तुमचा सर्व्हर फोडणाऱ्याच्या हाती सगळीच पाने जातात. सर्व्हर संथ झाला तर पानेही अडखळतात. रंगरूप सदस्याला ठरवू द्या.

पायरी ४: प्रवेश

अर्ज आला की लगेच ओळखनाव आणि तुकडा द्या. सदस्याने तो पानावर लावला की सॉफ्टवेअरने पान उघडून दुवे शोधावेत. ते सापडले म्हणजे पान त्याच्या ताब्यात आहे हेही सिद्ध झाले. त्यानंतरच चालकाला ईमेल जावा. त्यातल्या ‘मंजूर’ दुव्याने थेट मंजुरी देऊ नका. अनेक मेल-व्यवस्था सुरक्षेसाठी दुवे आपणहून उघडून पाहतात, आणि कोणी न वाचताच अर्ज मंजूर होतो. दुव्याने पान उघडावे, मंजुरी तिथल्या बटणाने, पोस्ट विनंतीने (माहिती पाठवणारी विनंती, नुसता दुवा उघडून ती जात नाही) व्हावी.

पत्ता फक्त एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस असेल तरच घ्या. तपासणी करणाऱ्या प्रोग्रामला सर्व्हरच्या आतल्या नेटवर्कमधले पत्ते उघडू देऊ नका.

मराठी नावांसाठी एक काळजी घ्यायला हवी. ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि नुक्ता जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण ‘दऱ्याखोऱ्या’ शोधले तर सापडत नाही. नावे साठवताना आणि शोधताना युनिकोडच्या एनएफसी रूपात (जिथे अशी जोडी एकाच ठरावीक पद्धतीने लिहिली जाते) आणा. ‘.भारत’सारखी डोमेन प्युनीकोडमध्ये (त्यांच्या इंग्रजी अक्षरांतल्या रूपात) बदलूनच ताडून पाहा.

पायरी ५: रोजची तपासणी

हे नसेल तर रिंग हळूहळू सडते. दिवसातून एकदा प्रत्येक पान उघडा, उत्तरासाठी १० सेकंद थांबा. पानाशिवाय फक्त त्याची माहिती मागणारी हेड विनंती काही सर्व्हर नाकारतात, म्हणून पूर्ण पान मागणारी गेट वापरा. केवळ २०० (‘सर्व ठीक’) उत्तर आले यावर समाधान मानू नका. मुदत संपलेले डोमेन जाहिरातींचे पान दाखवते आणि तेही २०० च असते. आपले दुवे पानात आहेत का, ते पाहा. जे पान आपला मजकूर स्क्रिप्टने भरते त्याचे दुवे या तपासणीला दिसत नाहीत. अशा सदस्याला दुवे मूळ एचटीएमएलमध्ये ठेवायला सांगा.

एका दिवसाच्या बिघाडावरून कोणाला काढू नका. सलग तीन दिवस पान किंवा दुवे मिळाले नाहीत तर ‘थांबवलेला’ करा आणि सदस्याला नेमके कारण कळवा: पान उघडले नाही, की दुवे सापडले नाहीत. पान पुन्हा ठीक दिसले की चालकाला न विचारता परत चालू करा. बहुतेक बिघाड असेच मिटतात.

निघून गेलेल्याचे ओळखनाव आणि क्रम मात्र पुसू नका. त्याच्या जुन्या पानांवर तुकडा वर्षानुवर्षे राहतो, आणि तिथून आलेल्या वाचकाला तरीही पुढचा सदस्य मिळायला हवा.

पायरी ६: चालक बदलणे

वाइल यांची ‘वेबरिंग’ ही सेवा जिओसिटीज या कंपनीमार्फत १९९९ मध्ये याहूकडे गेली. पुढच्याच वर्षी याहूने व्यवस्था बदलली आणि रिंगचालकांनी स्वतः घडवलेली पाने गेली. हे टाळायचे तर सुरुवातीपासून दोन चालक नेमा, डोमेनचा ताबा दोघांकडे ठेवा. जाहीर यादी कोणालाही उतरवून घेता येईल अशी द्या, सोबत सदस्यांच्या फीडसाठी (नव्या मजकुराची खबर देणाऱ्या फाइली) ओपीएमएल, म्हणजे अशा फीडची यादी असलेली फाइलही.

पायरी ७: फेरी

प्रत्येक बदलानंतर एक छोटा प्रोग्राम चालवा. पहिल्या चालू सदस्यापासून निघून, चालू सदस्य असतील तितक्या वेळा ‘पुढील’ घ्या. प्रत्येक जण बरोबर एकदा भेटला पाहिजे आणि शेवटी पहिलाच यायला हवा. मग हीच फेरी ‘मागील’ने करा. सदस्य एकच उरला असतानाही करून पाहा, कारण ‘कोणतेही’ तिथे अडकते: आलेले पान वगळले की निवडायला कोणीच उरत नाही. अशा वेळी वाचकाला सदस्यांच्या यादीच्या पानावर पाठवा.