वर्डप्रेसचा पासवर्ड विसरलात आणि रिसेटचा मेलही येत नाहीये?

लॉगिन पेजवर पासवर्ड विसरल्याची लिंक असते ती आधी दाबून बघाच, पण खरी बोंब तिथून पुढे असते कारण मेल येतच नाही. स्पॅममध्ये बघा, तिथेही नसेल तर वाट बघत बसू नका, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवरून वर्डप्रेसने पाठवलेले मेल बऱ्याचदा पोचत नाहीत, नाहीतर साइट बनवणाऱ्याने ॲडमिनला स्वतःचाच ईमेल टाकून ठेवलेला असतो.

होस्टिंगचं लॉगिन आहे ना? मग काही टेन्शन नाही. सीपॅनल, म्हणजे होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल, उघडा. साइट सॉफ्टॅक्युलसमधून (सीपॅनलमधलं वर्डप्रेस टाकून देणारं टूल) टाकलेली असेल तर तिथल्या यादीत साइटसमोर लॉगिनचं बटण असतं, ते थेट डॅशबोर्डवर नेतं, मग युजर्समध्ये जाऊन पासवर्ड बदलायचा, संपलं.

ते नसेल तर सीपॅनलमधलंच पीएचपीमायॲडमिन उघडा, साइटचा डेटाबेस त्यातून बघता-बदलता येतो. डेटाबेस दोन-चार दिसले तर आपला कुठला ते साइटच्या फाइल्समधल्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या डेटाबेसमध्ये ज्याच्या नावाच्या शेवटी युजर्स आहे ते टेबल उघडा (आधी एक्स्पोर्ट मारून कॉपी ठेवा, उगाच रिस्क नको) आणि आपल्या नावासमोर एडिट दाबा. युजर-पासमध्ये जी लांबलचक अगम्य अक्षरं दिसतात तो पासवर्ड नाही, त्याचा हॅश आहे, म्हणजे पासवर्डचं उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप, त्यातून जुना पासवर्ड काढायच्या नादी लागू नका. ते पुसून नवीन पासवर्ड टाका आणि त्याच ओळीतल्या फंक्शनच्या ड्रॉपडाउनमध्ये एमडी५ (हॅश बनवायची एक पद्धत) निवडून सेव्ह करा. एमडी५ निवडायचं राहिलं तर पासवर्ड बरोबर टाकूनही आत घेत नाही, बरेचजण इथेच अडकतात आणि साइट हॅक झाली म्हणून घाबरतात! एमडी५ जुनाट आहे हे खरं, पण तुम्ही लॉगिन केलं की वर्डप्रेस स्वतःच तो बदलून पक्का हॅश ठेवतं, २०२५ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ६.८ पासून बीक्रिप्ट या जास्त सुरक्षित पद्धतीचा. म्हणून सेव्ह केल्यावर लगेच लॉगिन करून टाका. ईमेलही त्याच एडिटच्या पानावर असतो, दुसऱ्याचा असेल तर हातासरशी बदला.

थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये एक ओळ टाकायचा उपाय पण सांगतात, चालतो, पण ती ओळ काढायची राहिली तर दर पेज लोडला पासवर्ड रिसेट होत राहतो, त्यामुळे मी तरी सांगणार नाही.

होस्टिंगचंच लॉगिन नसेल तर जुनं बिल शोधा, त्यावरच्या ईमेलवरून कंपनीच्या सपोर्टला तिकीट टाका. बिल एजन्सीच्या नावावर असेल तर मात्र त्यांनाच फोन लावावा लागेल.