चेनसॉच्या चेनला एरंडेल – माझा अनुभव

कलमांची छाटणी आमच्याकडे चेनसॉनेच होते आणि बरेच जण चेनला इंजिनचं जळकं काळं ऑइल घालतात, फुकट मिळतं ना. पण चेनचं ऑइल टाकीत परत येत नाही हो, सगळं उडून मातीत जातं, आणि आमची विहीर तर बागेतच आहे. शिवाय त्या ऑइलमधल्या धातूच्या कचऱ्याने ऑइल पंप चोंदला, बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) तापून निळा पडायला लागला.

मग टाकी रॉकेलने धुवून पूर्ण सुकवली (हे कराच, एरंडेल खनिज तेलात नीट मिसळत नाही), बारची खाच आणि ऑइलचं भोक तारेने साफ केलं, आणि दोन भाग एरंडेल एक भाग शेंगदाणा तेल भरलं. नुसतं एरंडेल फार घट्ट, पंप ओढत नाही. एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल धातूला धरून राहतं म्हणून चेन फिरताना तेल लगेच झटकलं जात नाही. बारचं टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली तर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे काम झालं. बार आता निळा पडत नाही.

जवसाचं तेल मात्र चुकूनही नको, हवेने सुकून चिकट थर बसतो. आणि मशीन महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.