एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळताय? या चुका टाळा

मार्च लागला की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाचं ना कुणाचं बॉनेट उघडं दिसतं आणि शेजारी हीट रॅपचं, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फायबरग्लासच्या पट्टीचं, 50 फुटी भेंडोळं पडलेलं असतं. घोडबंदर रोडला एसी लावून तासभर रांगलं की बॉनेटखाली भट्टी पेटते, हे खरंच आहे. ही पट्टी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपांना गुंडाळतात. तिच्यामुळे उष्णता पाइपातच राहून सायलेन्सरकडे जाते आणि आजूबाजूची वायरिंग, रबरी होज वाचतात. काम उपयोगाचं आहे. पण लोक पट्टी कुठली घ्यायची यावर महिनाभर डोकं लावतात आणि पट्टीखाली काय झाकतोय, हे बघायला दहा मिनिटं देत नाहीत.

गळकं इंजिन तसंच ठेवून पट्टी

ही चूक मला सगळ्यात जास्त भीती घालते, कारण मी तिचा परिणाम शेजारच्या सीटवर बसून पाहिला आहे. मित्राची जुनी पेट्रोल गाडी. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून तेल पाझरत होतं. मी म्हटलं, "आधी हे बदल." तो म्हणाला, "अरे, थेंबभर तर आहे, पुढच्या सर्व्हिसला बघू." रविवारी पट्टी गुंडाळली, छान दिसत होती. तीन आठवड्यांनी गायमुखच्या चढावर जॅममध्ये अडकलो असताना आधी जळक्या तेलाचा वास आला आणि मग बॉनेटच्या फटीतून धूर.

फायबरग्लास स्वतः पेटत नाही, पण तेल मात्र समईतल्या वातीसारखं शोषून घेतो. उघड्या पाइपवर पडलेला थेंब चर्र करून उडून जातो. पट्टीत तोच साठत राहतो, आणि खाली पाइप तापलेला असतो. आम्ही गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मी बॉनेट पूर्ण उघडू दिलं नाही, कारण एकदम हवा मिळाली की आग उसळते. फटीतूनच अग्निशामकाचा फवारा मारला. इंजेक्टरची वायरिंग वितळली होती. पॅकिंग काही शे रुपयांचं होतं.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. इंजिन धुऊन घ्यायचं, चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवायची, रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवायचा आणि सकाळी टॉर्चने टॅपेट कव्हरच्या कडा बघायच्या. एक ओला डाग दिसला तरी पट्टी पिशवीतच राहते. आणि गाडीत 1 किलोचा एबीसी (कोरड्या पावडरीचा) अग्निशामक हवाच.

पावसाळ्याचा विचार न करता साध्या लोखंडाला झाकणं

बाहेरून बसवलेले स्वस्त हेडर (कंपनीच्या मॅनिफोल्डच्या जागी लावायचे पाइप) बहुधा माइल्ड स्टीलचे, म्हणजे साध्या लोखंडाचे असतात. ऐरोलीतल्या एका ओळखीच्यांनी असाच हेडर मे महिन्यात गच्च गुंडाळला. गाडी उघड्यावर, खाडीचा खारा वारा, आणि चालणार आठवड्यातून एकदा, स्टेशनपर्यंत. एवढ्याशा फेरीत पट्टीतली ओल धड सुकतही नाही. दोन पावसाळ्यांनंतर आवाज फुटला म्हणून पट्टी काढली, तर पाइपाचे पापुद्रे सुटून हातात आले. एका वाकणावर बोट जाईल एवढं भोक. ओल धरून ठेवणारी पट्टी आणि वर कोंडलेली उष्णता, यांत साधं लोखंड टिकत नाही.

म्हणून मी सरळ सांगतो: गाडी उघड्यावर आणि क्वचित चालणारी असेल तर गुंडाळू नका. त्यापेक्षा सिरॅमिक कोटिंग करून घ्या, किंवा कंपनीचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) दुरुस्त करून परत लावा. ते शील्ड खडखडतं म्हणून काढून भंगारात देणारे आणि मग पट्टी शोधत फिरणारे लोक मला दर वर्षी भेटतात. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) मॅनिफोल्डलाही मी पट्टी लावत नाही. जास्तीच्या उष्णतेने बीड तडकण्याची भीती असते आणि त्या आकारावर पट्टी नीट बसतही नाही.

स्टेनलेस असेल तर खुशाल करा, पण वेढे खालून वर घ्या. कौलं जशी खालच्या ओळीपासून चढवतात, तसं. मग वरून आलेलं पाणी फटीत न शिरता उतरून जातं. 2 इंची पट्टीला पाव ते अर्धा इंच वेढ्यावर वेढा पुरतो. "दुप्पट गुंडाळलं तर दुप्पट फायदा" हा हिशेब चुकीचा आहे, पाइपाचं आयुष्य मात्र कमी होतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

थंड इंजिन सुरू करताना टकटक येते आणि तापल्यावर थांबते? पाइप इंजिनाला जोडतो त्या फ्लँजपाशी काजळी दिसते? मग गॅस गळतोय. आधी ते पॅकिंग बदला.

मॅनिफोल्ड सोडवताना गंजलेले नट जोर लावून फिरवू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टड (नट बसतो तो दांडा) इंजिनाच्या हेडमध्ये तुटला तर रविवार जातो, शिवाय मशीन शॉपचा खर्च.

पट्टी बांधायला लावलेले प्लास्टिकचे टाय वितळतात. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेवरचं जस्त 419 अंशांना वितळतं. स्टेनलेसचे टायच लावा.

ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायू कमी करणारा डबा) झाकू नका.

जुन्या हार्डवेअरच्या दुकानात ॲस्बेस्टॉसची दोरी मिळाली तर ती घेऊ नका. त्याच्या धुळीने कॅन्सर होतो. फायबरग्लासलाही हातमोजे, पूर्ण बाह्या, मास्क आणि चष्मा लागतोच. मी पट्टी पाण्यात 15 मिनिटं भिजवून पिळून घेतो, तंतू कमी उडतात आणि वेढे घट्ट बसतात.

पहिल्यांदा गाडी सुरू केली की धूर येणारच, पट्टीतला चिकटवणारा पदार्थ जळतो. बंद पोडियम पार्किंगमध्ये हे करू नका, तिथे कार्बन मोनॉक्साइडही साठतो. मोकळ्यावर न्या. 5 मिनिटं आयडलिंग, पूर्ण थंड, मग 10 मिनिटं, परत थंड. इथे नवखे हमखास घाई करतात आणि पहिल्याच फेरीत पाम बीच रोडला गाडी पळवून बघतात. दोन-तीन वेळा तापून थंड झाल्यावर नट सैल पडलेत का ते मॅन्युअलमधल्या टॉर्कने (घट्ट करण्याच्या मापाने) तपासा, आणि टायही एकेक करून ओढून बघा.